मणक्यांतली जागा

माझी पाठ ज्या सकाळी गेली त्या सकाळी मी काहीही उचललेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचे कित्येक महिने जो भेटेल तो पहिला प्रश्न हाच विचारायचा, "काय जड उचललंत?" आणि खरं उत्तर ऐकून त्याची निराशा व्हायची. कुकरची शिट्टी ओट्याखाली घरंगळली होती. ती घ्यायला वाकले, तेवढ्यात शिंक आली. एवढंच. शिंक संपली तेव्हा मी ओट्याला धरून काटकोनात उभी होते आणि सरळ होण्याचा रस्ता बंद झालेला होता.

नवरा आंघोळ करून बाहेर आला. "थांब, हलू नकोस," म्हणून तो मोबाईल आणायला धावला. मला वाटलं डॉक्टरांना फोन करतोय. तो व्हिडिओ शोधत होता.

"यात म्हणतायत, ताबडतोब भिंतीला पाठ लावून सरळ उभं राहायचं."

"मला सरळ उभं राहता येत नाहीये, तोच तर प्रश्न आहे."

"मग हा व्हिडिओ आपल्यासाठी नाही," असं म्हणून तो पुढचा शोधायला लागला.

हॉलमधून सासूबाईंनी हाक मारली. त्या ऐंशीच्या पुढच्या, मूळच्या मालवणकडच्या, आणि आयुष्य परळ-भोईवाड्यात काढूनही घरात मालवणीच बोलणाऱ्या. "काय उचललंस गो?"

"शिट्टी."

मग म्हणाल्या, "आमी डोक्यार घागरी घेवन चढाव चढलंव, आमका काय झाला नाय. शिटी उचलून पाठ मोडली ता आजच ऐकतंय."

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. सासऱ्यांनी लोअर परळच्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहून जन्म काढला, आणि त्यांची पाठ शेवटपर्यंत ताठ होती. मी त्याच भागात, पाडलेल्या एका मिलच्या जागी झालेल्या काचेच्या इमारतीत, कमरेला आधार देणाऱ्या फिरत्या खुर्चीवर बसून माझी घालवली. याला प्रगती म्हणतात. माझं काम जाहिरातींचं मराठी करण्याचं. मध्यंतरी एका मलमासाठी मीच ओळ लिहिली होती, 'कंबरदुखी? ती तर कालची गोष्ट.' नवरा त्या दिवशी नेमकं तेच मलम घेऊन आला आणि प्रेमाने चोळलं. कालची गोष्ट दुसऱ्या दिवशीही तशीच होती, वर उजव्या पायात पोटरीपर्यंत मुंग्या.

मग रीतसर डॉक्टर, रीतसर एमआरआय. डॉक्टरांनी फिल्म उजेडापुढे धरली आणि दोन मणक्यांमधल्या एका गादीकडे बोट दाखवलं. गादी बाहेर आली होती आणि पायाकडे जाणाऱ्या नसेवर टेकली होती. "ऑपरेशनची गरज आत्ता तरी दिसत नाही," ते म्हणाले. "डीकम्प्रेशन करून बघू. मणके हळूहळू ओढून त्यांच्यातला दाब कमी करायचा. काहींना चांगला उपयोग होतो."

"आणि बाकीच्यांना?"

"बाकीच्यांना कमी होतो," डॉक्टर म्हणाले. प्रामाणिक माणूस होता, त्याला दोष देता येत नाही.

हे ओढकाम दादरला एका क्लिनिकमध्ये व्हायचं. एक लांब टेबल, मधोमध फाट असलेलं. त्यावर पाठीवर झोपायचं, गुडघ्यांखाली एक गोल उशी. एक पट्टा छातीच्या खाली, एक कमरेला. मग मशीन सुरू होतं आणि टेबलाचा खालचा भाग तुम्हाला घेऊन पायांच्या दिशेने सरकतो, थोडा थांबतो, सैल सोडतो, पुन्हा ओढतो. दुखत नाही. दोन्ही बाजूंनी बांधून ओढलं जाण्याचा अनुभव मला नवीन नव्हता. सासर आणि माहेर मिळून हे बरीच वर्षं करत होते, फक्त त्याला थेरपी म्हणत नव्हते.

पहिल्या दिवशी टेबलावरून उठले तेव्हा खरंच हलकं वाटलं. पाय मोकळा झाला होता. टॅक्सीत बसले आणि घरी पोचेपर्यंत वाटेतल्या खड्ड्यांनी सगळं काम उलट केलं. भोईवाड्याच्या कोपऱ्यावर उतरताना मी पुन्हा टॅक्सीच्या दाराला लटकलेली.

हे फिजिओथेरपिस्ट मुलीला सांगितलं. ती माझ्या भाचीच्या वयाची, बारीक, आणि मला पहिल्या दिवसापासून काकू म्हणणारी. "काकू, मशीन मणक्यांत जागा करून देतं," ती म्हणाली. "ती जागा टिकवायचं काम तुमच्या पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंचं. ते सध्या झोपलेत. व्यायाम केला नाहीत तर संध्याकाळपर्यंत पुन्हा जैसे थे."

मुंबईत जागा मिळणं एक आणि ती टिकवणं दुसरं, हे मला ठाऊक होतं. आमची चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा त्या एका वाक्यावर आम्ही किती मीटिंगा काढल्या होत्या. तीच गोष्ट स्वतःच्या मणक्यांबद्दल ऐकावी लागेल असं मात्र वाटलं नव्हतं.

व्यायाम बघायला गेलं तर अगदी साधे. पाठीवर झोपून गुडघे दुमडायचे आणि श्वास सोडताना बेंबी आत ओढून कंबर हळूच जमिनीला टेकवायची. मग तसंच झोपून ढुंगण उचलायचं, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत उतार, त्याला ती पूल म्हणायची. मग हातापायांवर ओणवं होऊन पाठ मांजरासारखी वर काढायची, पुन्हा खाली सोडायची. मग त्याच ओणव्यात एक हात पुढे आणि विरुद्ध बाजूचा पाय मागे, आणि डुगडुगायचं नाही. या शेवटच्याला 'बर्ड-डॉग' म्हणतात. पोटापाण्याचा धंदा भाषांतराचा असल्यामुळे मी त्याचं 'पक्षीश्वान' केलं. ती हसली नाही. "पोट आत, काकू," एवढंच म्हणाली. याशिवाय रोज चालायचं, झेपेल तितकं, आणि पुढे वाकून काहीही उचलायचं नाही.

आता हे करायचं कुठे. बेडरूममध्ये कपाट आणि पलंग यांच्यामध्ये माणूस आडवा मावत नाही. राहिला हॉल. टीपॉय सरकवला की सोफा आणि टीव्हीच्या मध्ये एक चटई बसते. समोर खुर्चीत सासूबाई, मागे त्यांची मालिका. मी पूल केला की त्यांना पडद्याचा खालचा अर्धा भाग दिसायचा नाही.

"खाली जा गो जरा," त्या म्हणायच्या, "सुनेन काय दिला ता बघूचा हा." ती सून मालिकेतली.

आणि मध्येच, "ह्या तर तान्ह्या पोर पण करता. ह्येच्यासाठी दादराक कित्याक जातंस?"

नवरा शेजारी उभा राहून मोबाईलवर माझं शूटिंग करायचा, चुका कळाव्यात म्हणून. चुका कळल्या. त्यातली मुख्य म्हणजे मी ते शूटिंग बघितलं.

मग माणूस जे करतो तेच मी केलं. पट्टे बांधून घ्यायला इमानेइतबारे जात राहिले, आणि व्यायाम उद्यावर ढकलत राहिले. मशीनसमोर आपल्याला काही करावं लागत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. फिजिओने विचारलं की मी सांगायचे, चालू आहेत. एक दिवस ती म्हणाली, पूल करून दाखवा. मी कंबर उचलली, मांडी थरथरली, पोटरीत गोळा आला आणि मी धपकन खाली आले.

"काकू," तिने शांतपणे विचारलं, "व्यायाम कुठे करता? घरी, की मनात?"

इकडे सासूबाईंनी सगळा हिशेब मांडून निष्कर्ष काढला होता. मशीन झालं, मलम झालं, गुण नाही. म्हणजे ही साधी उसण आहे आणि तिला साधा उपाय आहे. "पायाळू माणसान लाथ मारल्याशिवाय ही जावची नाय," त्या एका रात्री जेवताना म्हणाल्या.

पायाळू म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला माणूस. त्याने दुखऱ्या कमरेला पाय लावला की उसण पळते, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानतात. मी म्हटलं, आई, गादी सरकलीय, त्यावर लाथ खाल्ली तर मी कायमची आडवी होईन. त्यांनी ते ऐकलंच नाही. त्यांचा शोध सुरू झाला होता. त्यांच्या भजनी मंडळातून दोन दिवसांत बातमी आली, आणि ती ऐकून माझ्या हातातला घास हातात राहिला.

पायाळू बाई आमच्याच इमारतीत होती. आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर.

या वरच्या ताई सरकारी नोकरीतून निवृत्त, लग्न न केलेल्या, एकट्या राहणाऱ्या. आमचे संबंध बराच काळ फक्त सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होते, कारण त्यांच्या धुतलेल्या कपड्यांचं पाणी आमच्या वाळलेल्या कपड्यांवर पडायचं. मी ग्रुपवर विनंती लिहायचे. त्या अंगठा पाठवायच्या. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा पडायचं. लिफ्टमध्ये समोरासमोर आलो की दोघी मजल्यांच्या आकड्यांकडे बघत राहायचो. आता या बाईला माझ्याच घरात, माझ्याच पाठीत लाथ घालण्याचं निमंत्रण सासूबाई स्वतः जाऊन देऊन आल्या होत्या.

रविवारी दुपारी त्या आल्या. कडक इस्त्रीचा कॉटनचा ड्रेस, चपला बाहेर नीट जोडीने काढलेल्या. मी चटईवर पालथी. अशा अवस्थेत माणूस पाहुण्यांचं स्वागत कसं करतो ते मला माहीत नाही. मी चटईत तोंड खुपसून "या" म्हटलं.

"मी तुमच्या सासूबाईंना नाही म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "पण त्या दारातून हलेचनात."

"वय झालंय त्यांचं," मी म्हटलं.

"माका ऐकाक येता," खुर्चीतून आवाज आला.

मी मान वळवून सांगितलं, "ताई, लाथ नको. नुसता पाय लावा. डॉक्टरांनी दाबायला मनाई केलीय."

"मलाही लाथ मारायची हौस नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी सोफ्याचा हात धरला, पाय थोडा उचलला, आणि तो माझ्या कमरेपर्यंत येण्याआधीच त्यांच्या तोंडून 'आई गं' निघालं. पाय कसाबसा टेकला, पिसासारखा, आणि लगेच मागे गेला. त्या सोफ्यावर बसल्या. बसल्या म्हणजे आधी भिंतीला हात, मग सोफ्याला, मग एका बाजूने हळूच खाली. ही बसायची पद्धत मी चांगली ओळखत होते.

"तुमचीही पाठ?" मी विचारलं.

"कित्येक वर्षं," त्या म्हणाल्या.

"मगे तुमी स्वतःक..." सासूबाईंनी सुरुवात केली आणि स्वतःच थांबल्या. पायाळू माणसाला आपला पाय आपल्या पाठीला लावता येत नाही, ही अडचण त्यांच्या कधी लक्षात आली नसावी.

मी कुशीवर वळून उठले. चहा केला. त्या पहिल्यांदा आमच्या घरात चहा घेत होत्या. सासूबाईंनी विचारलं, लहानपणापासून लोक बोलवत असतील ना. त्या हसल्या, पण बरं वाटून नाही.

"गावात शाळेतून उचलून न्यायचे. घाटावरच्या, खाडीपलीकडच्या माणसांच्या कमरांना पाय लावायला. पावसाळ्यात आकाश गडगडलं की उलट, मला घरात कोंडायचे. पायाळूवर वीज पडते म्हणून. वर्गातल्या मुली माझ्या छत्रीखाली यायच्या नाहीत." त्यांनी कप खाली ठेवला. "लोकांच्या घरी मला पाय लावायला बोलवायचे. जेवायला नाही. इकडे नोकरीला आल्यावर मी कोणालाही सांगितलं नव्हतं. भजनी मंडळात माझ्या गावची कोणी आहे हे मला माहीत नव्हतं."

सासूबाई उठल्या आणि आत जाऊन बशीत सकाळच्या घावण्यांतले दोन आणि चटणी घेऊन आल्या. त्यांच्याकडून माफी यापलीकडे जात नाही.

दुसऱ्या दिवशी माझी पाठ चक्क बरी होती. त्याला कारणं बरीच असू शकतात. शनिवार-रविवार मी आडवी होते, शुक्रवारी मशीन झालं होतं, आणि फिजिओच्या त्या एका वाक्यानंतर लाजेकाजेने का होईना, व्यायाम सुरू केले होते. पण घरात हे कोणाला सांगता. "गुण इलो," सासूबाईंनी सकाळी सातला फोनवरून जाहीर केलं, एकाला नाही, सगळ्या भजनी मंडळाला.

आठवडाभरात वरच्या मजल्यावर रीघ लागली. बाजूच्या विंगेतली मंडळी आली, लालबागहून कोणी कोणाची वहिनी आली. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतले एक मामा तर टॅक्सीत पालथे झोपून आले, आणि त्यांना लिफ्टमध्ये घालायला वॉचमनला शेजारच्या इमारतीचा वॉचमन बोलवावा लागला. ग्रुपवर सेक्रेटरीने लिहिलं, बाहेरच्यांनी रजिस्टरमध्ये नोंद करावी. मी अंगठा पाठवला.

गुरुवारी ताई खाली आल्या. दार मीच उघडलं.

"तुमच्या सासूबाईंनी माझं दुकान उघडून दिलंय," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "आज एका बाईने माझ्यासमोर लहान पोराला आडवं घातलं. ताप होता त्याला. मी म्हटलं डॉक्टरकडे न्या, तर म्हणते आधी पाय तर लावा. दिवसभर एका पायावर उभी राहते. मला आता रात्री कूस बदलता येत नाही."

मला खरोखर लाज वाटली, जरी दुकान मी उघडलं नव्हतं. "उद्या माझ्याबरोबर दादरला चला," मी म्हटलं.

"मला कोणी पट्टे बांधायचे नाहीत."

"नाही बांधणार. दाखवून तर घेऊ."

त्या आल्या. टॅक्सीत आम्ही दोघी दोन टोकांना बसलो, मध्ये एक पर्स. प्रत्येक खड्ड्याला दोघींच्या तोंडून एकदमच श्वास निघायचा. दोन-चार खड्डे झाल्यावर त्या हसल्या, मग मीही.

तिथल्या डॉक्टरांनी त्यांना नीट तपासलं, फोटो काढायला लावले. नसेवर दाब नव्हता. मणक्यांची वयानुसार झीज होती, आणि स्नायू आखडलेले, बरीच वर्षं न वापरल्यासारखे. मशीनची गरज नाही, व्यायामच करा, असं सांगितलं. ताईंचा चेहरा उजळला. माझा पडला. इतके दिवस मी त्या टेबलावर ओढली जात होते आणि ही बाई नुसत्या श्वासावर सुटली.

फिजिओने त्यांना पहिला व्यायाम तोच दिला. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, एक हात पोटावर, श्वास सोडताना बेंबी आत. ताई पाठीवर झोपल्या आणि लगेच कुशीवर वळल्या. "मला उताणं झोपवत नाही. दुखतं."

"गुडघ्यांखाली उशी घेऊ," फिजिओ म्हणाली. "थोडाच वेळ. अंग सैल सोडा."

"सैल कसं सोडतात?" ताईंनी विचारलं. त्या चेष्टा करत नव्हत्या.

मग रोज सकाळी त्या आमच्याकडे येऊ लागल्या. हॉलमध्ये दोन चटया मावत नव्हत्या, म्हणून एकीचे पाय स्वयंपाकघरात जायचे. नवरा डबा भरताना त्यांना ओलांडून फ्रीज उघडायचा आणि प्रत्येक वेळी "सॉरी हं ताई" म्हणायचा. आमच्या पक्षीश्वानात सुरुवातीला पक्षीही नव्हता आणि श्वानही. दोघी ओणव्या, एक हात पुढे, एक पाय मागे, आणि थोड्याच वेळात दोघी सोफ्याच्या बाजूला कलंडलेल्या. पण एकटीने कलंडण्यापेक्षा दोघींनी कलंडणं बरं असतं. मी सोडलं की त्या करत राहायच्या, त्यामुळे मला सोडता येईना. त्यांचंही तसंच असावं.

दारात येणाऱ्यांसाठी त्यांनी मार्ग काढला. कोणी पाय लावा म्हणालं की म्हणायच्या, आधी जमिनीवर झोपा, तो श्वासाचा व्यायाम करा, रोज चाला, आणि आठवड्याने या. चमत्काराला आलेली माणसं व्यायामाचं नाव काढल्यावर दुसऱ्या दिवशीही थांबत नाहीत. पंधरवड्यात मजला शांत झाला.

सासूबाई खुर्चीतून आमची तपासणी करायच्या. कोणाची कंबर वाकडी, कोणाचं पोट सुटलं, सगळं बरोबर ओळखायच्या असं नाही, पण बोलायच्या नक्की. मग त्यांना वाटायला लागलं की या सगळ्यात आपणच मागे राहिलो. "माका पण त्या मशिनीवर घाला," त्या म्हणाल्या. गुडघे, कंबर, खांदा, सगळंच एकदा ओढून घ्यावं अशी त्यांची योजना होती.

नेलं त्यांनाही. डॉक्टरांनी हाडांचा रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, आजी, हाडं ठिसूळ झालीत, ओढणं तुमच्यासाठी धोक्याचं.

"माझी हाडां काय काचेची आसत?"

"साधारण तशीच," डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी आपली खुर्ची बरोबर आमच्या चटईच्या जागी आणून ठेवली, आणि सकाळी ती हलवायला नकार दिला. टीव्ही नीट दिसत नाही, हे कारण. दोन दिवस आम्ही विनवण्या केल्या. तिसऱ्या दिवशी ताई म्हणाल्या, वर चला, माझ्याकडे सामान नाही.

खरंच नव्हतं. तोच नकाशा, तेवढ्याच भिंती, पण हॉल दुप्पट मोठा वाटावा इतका मोकळा. एक आरामखुर्ची, एक रेडिओ, खिडकीत तुळस. त्या मोकळ्या जमिनीवर मी पहिला सबंध पूल केला, न थरथरता. त्यांनी मान डोलावली. त्या आता मला 'तू' म्हणत होत्या, कधी सुरू झालं ते दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. व्यायाम झाला की पाच मिनिटं पडून राहायचं असायचं, तेव्हा त्या बोलायच्या. कधी ऑफिसमधल्या गोष्टी, कधी गावच्या. मी बहुतेक वेळा ऐकायचे. छताकडे बघत बोलायला माणसाला सोपं जातं असं दिसतं.

दादरचं मशीन काही आठवड्यांनी संपलं. पोटरीतल्या मुंग्या गेल्या होत्या, सकाळचा ताठरपणा थोडा राहिला होता. फिजिओ म्हणाली, "काकू, आता मशीनकडे परत यायचं की नाही ते तुमच्या हातात." म्हणजे पोटात, तिला म्हणायचं होतं. ऑफिसात मी दर तासाला उठून चालते. साहेबांना वाटतं मी राजीनाम्याचा विचार करतेय, त्यामुळे ते आजकाल बरे वागतात.

मार्गशीर्षातली एक सकाळ. मी नेहमीप्रमाणे वर गेले, बेल वाजवली. दार उघडलं नाही. पुन्हा वाजवली. फोन लावला, तो आतच वाजताना ऐकू आला, बराच वेळ, आणि थांबला. दार ठोठावलं. एकटी बाई, वय, बाथरूमची ओली फरशी, जे जे मनात येऊ नये ते सगळं आलं. मी धावत खाली आले. आधी असं जिने धावणं मला शक्य नव्हतं, पण ते तेव्हा लक्षात आलं नाही. नवऱ्याला म्हटलं, सेक्रेटरीकडून चावीवाल्याचा नंबर घे. तो मोबाईल घेऊन बाहेर पळाला. सासूबाई कशा लिफ्टपर्यंत पोचल्या मला माहीत नाही, पण मी वर परत गेले तेव्हा त्या ताईंच्या दारात उभ्या होत्या, काठीने दार बडवत, "बाय गो, दार उघड, बाय गो," म्हणत. त्यांचा आवाज असा कापताना मी सासरे गेले तेव्हाही ऐकला नव्हता.

कडी निघाली. ताई दारात. केस विस्कटलेले, डोळे अर्धवट, अंगावर कालचाच गाऊन. आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत त्या म्हणाल्या, "काय झालं?"

"तुम्हाला काय झालं?" मी ओरडले.

त्यांनी मागे वळून चटईकडे बघितलं. गुडघ्यांखालची उशी तशीच होती. "पहाटे जाग आली म्हणून श्वासाचा व्यायाम करत होते," त्या म्हणाल्या. "झोप लागली वाटतं." मग जरा थांबून, स्वतःशीच बोलल्यासारखं, "उताणी. मी उताणी झोपले होते."

मला हसू येतंय की रडू, कळेना. सासूबाईंनी काठी भिंतीला टेकवली, आत शिरल्या आणि घरातल्या एकमेव आरामखुर्चीत जाऊन बसल्या.

"मगे आता च्या कर," त्या ताईंना म्हणाल्या. "साखर जास्त."

त्या दिवशी व्यायाम झाला नाही. ताईंनी आलं किसलं, मी जमिनीवर भिंतीला टेकून बसले, आणि खाली नवरा चावीवाल्याला फोनवर पत्ता समजावून सांगत होता. त्याला थांबवायचं आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही.